सभामंडपाच्या फरशीचा हिशेब



देवळाच्या कामात एक फरशी म्हणजे कोणाच्या तरी घामाचा पैसा असतो. म्हणून फरशी अंदाजाने नव्हे, मोजून मागवावी.

समजा, सभामंडप आतून ३१ फूट लांब व २२ फूट रुंद आहे आणि शहाबादी फरशी २ फूट चौरस घ्यायची आहे. क्षेत्रफळ ६८२ चौरस फूट, एका फरशीचे ४. भागाकार एकशे साडेसत्तर येतो. पण गवंडी फरशी ओळीने बसवतो. रुंदीत ११ ओळी नेमक्या बसतात. लांबीत प्रत्येक ओळीला १५ अख्ख्या व एक अर्धी लागते. अख्ख्या झाल्या १६५. अर्ध्या ११, त्यांसाठी फरश्या ६. एकूण १७१. तुटफुटीसाठी शेकडा ५ धरून ९ अधिक, म्हणजे १८०.

जुन्या भिंती काटकोनात असतीलच असे नाही. माप दोन्ही टोकांना घ्यावे व मोठे धरावे. खांबांची जागा वजा करू नये; तेथे कापण्यातच दगड वाया जातो.

शहाबादी हा कर्नाटकातील शहाबाद भागाचा चुनखडीचा दगड. खेपेगणिक त्याचा रंग थोडा बदलू शकतो. चार फरश्या कमी पडल्या, तर गाडीभाडे पुन्हा भरावे लागते आणि मागाहून आणलेला तुकडा कायम डोळ्यांत खुपतो. उरल्या तर दुरुस्तीसाठी जपून ठेवाव्यात.

हा हिशेब देवळातील फलकावर लावावा. आपली फरशी कोठे बसली हे देणाऱ्याला कळले, की पुढच्या कामाला त्याचा हात आखडत नाही.