तारेवर बसते ती भिंगरी



महाळुंग्यात तुमचं मनापासून स्वागत. कंटेनरच्या रांगेत तासभर अडकून पोचलात, त्यांचं जरा जास्तच.

पक्ष्यांचं संमेलन कारखान्यांच्या गावात कशाला, असं बरेच जण विचारत होते. महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांचं पहिलं संमेलन 1981 मध्ये लोणावळ्याला भरलं. त्याच डोंगरांतून निघालेली इंद्रायणी इथून जवळच देहू-मोशीवरून आळंदीला जाते. म्हणजे आपण एका नदीची माणसं.

मी शेतकरी माणूस. पंख असतो तो पक्षी, एवढंच ठाऊक होतं. मग वटवाघूळ कोण? पक्ष्याची खरी खूण पीस. आज जिवंत असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्याला ते नाही.

आमच्याकडे शेडच्या छताखाली पाकोळ्या घरटी करतात आणि बाहेर विजेच्या तारेवर भिंगऱ्या बसतात. दोघींचे पंख लांब, दोघी उडता उडता किडे टिपणाऱ्या. मी त्यांना बहिणीच समजायचो. एका जाणत्यानं सांगितलं, पाय बघा. पाकोळीची चारही बोटं पुढं वळतात. खरबरीत भिंतीला लटकायला ती चालतात, तारेवर बसायला नाहीत. भिंगरीची तीन पुढं, एक मागं. तारेवर बसते ती भिंगरी! ती चिमणी-कावळ्यांच्या गणातली, आणि जगातल्या निम्म्याहून अधिक पक्षिजाती या एकट्या गणात आहेत. पाकोळीची भावकी मात्र थेट अमेरिकेत, हमिंगबर्डच्या घरी.

डीएनए तपासायला लागल्यापासून तर किती फेरफार झाले! ससाणा घारीच्या सातबाऱ्यावरून उतरला आणि पोपटांच्या बांधाला लागला. भिगवणचा ऐटबाज रोहित आणि तळ्यात बुड्या मारणारी टिबुकली जवळचे नातलग निघाले. जमिनीचे फेरफार इथं आम्ही पुष्कळ पाहिले, पण असे नाहीत. पुढचं अभ्यासक सांगतीलच, मी त्यांचा वेळ खात नाही.

चहा-पोहे मांडवामागं आहेत. एक विनंती. गाड्या लावायच्या प्लॉटवर कोपऱ्यात दोरी बांधली आहे. तिच्या आत खडीवर टिटवीची चार अंडी आहेत. ही टिटवी समुद्रकाठच्या कुरवांच्या गणातली. आमच्या मुरमाच्या प्लॉटवर येऊन बसली आहे. ती ओरडली तर हॉर्न वाजवू नका, गाडी मागं घ्या.