जॉर्जिया गिलमोर यांचं स्वयंपाकघर

अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात डिसेंबर 1955मध्ये कृष्णवर्णीयांनी सिटी बसवर बहिष्कार टाकला. तो 381 दिवस टिकला. त्या काळातली भाषणं आपल्याला माहीत असतात. पण रोज कामावर पोचायचं कसं, हा प्रश्न घराघरात होता. लोकांच्या घरी धुणं-स्वयंपाक करणाऱ्या कितीतरी बायका मैलोन्‌मैल चालल्या. बाकीच्यांसाठी मोटारी जमवल्या, आणि मोटारींना पेट्रोल लागतं.

त्या पेट्रोलसाठी पैसा उभा करणाऱ्यांत जॉर्जिया गिलमोर होत्या. सहा मुलांची आई, खानावळीत स्वयंपाकीण. त्यांनी बायका गोळा केल्या. घरी केक, चिकन करून विकायचं आणि पैसे बहिष्काराच्या सभेत आणून द्यायचे. गोऱ्या मालकांना कळलं तर नोकरी जाणार, म्हणून गटाचं नावच ठेवलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे आले कुठून? कुठूनच नाही! केवढी हिंमत आणि केवढी हुशारी!

1956मध्ये बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर त्याबद्दल चाललेल्या खटल्यात गिलमोर यांनी उघड साक्ष दिली. त्यांची नोकरी गेली. मग किंग यांच्याच प्रोत्साहनाने त्यांनी राहत्या घरी जेवण करून विकायला सुरुवात केली. पुढे खुद्द किंगही तिथे जेवायला येत.