वारसाने आलेली जुनी बंदूक : वापर आणि निगा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



भात पोटरीवर आले की कोकणातल्या डोंगरउताराच्या गावांत रानडुकरांचा उपद्रव वाढतो. त्यासाठी अनेक घरांत पीक संरक्षणाच्या परवान्यावर बंदूक असते. वडील वारले की ती पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा होते आणि वारसाच्या नावे परवाना झाल्यावर घरी परत येते. मधल्या काळात तिला तेलाचा हात लागलेला नसतो. अशी बंदूक घरी आल्याबरोबर चालवून पाहू नका. नळी फुटली, तर नळीखाली धरलेला हात कायमचा जातो.

प्रथम तपासणी

बंदूक हातात घेताच ती भरलेली आहे असेच समजावे. नळी सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक उघडावी आणि दोन्ही घरे रिकामी असल्याची खात्री करावी. ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. तो घरी काढू नये. परवानाधारक कारागिराकडे न्यावी.

नंतर उजेडाकडे धरून नळीतून पाहावे. कुंभारीण माशीचे मातीचे घर, चिंधी किंवा गंज दिसल्यास बार काढू नये. नळीला पोचा असेल, किंवा बंद केलेली बंदूक सांध्यात हलत असेल, तर ती कारागिराला दाखवावी. नळीवर नागमोडी नक्षी दिसली, तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, काळ्या दारूच्या काळातील नळी समजावी. तिच्यात आजची काडतुसे वापरू नयेत.

काडतुसाची निवड

सगळी बारा बोअरची काडतुसे सारखी नसतात. जुन्या बंदुकीचे घर पुष्कळदा ६५ मि.मी. असते, तर आजची बरीच काडतुसे ७० मि.मी.ची असतात. लांब काडतूस आत बसते, म्हणून ते चालते असे नाही. बार होताना त्याचे दुमडलेले तोंड उलगडते, त्याला जागा अपुरी पडते आणि नळीतील दाब वाढतो. नळीच्या बुडाशी खालच्या बाजूला असलेले आकडे कारागिराकडून वाचून घ्यावेत.

वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरमध्ये गेले, तर ते पुढे सरकून नळीत अडकते. त्यामागे दुसरे घालून चाप ओढला की नळी फुटते. म्हणून दोन्ही प्रकार एका पिशवीत कधीही ठेवू नयेत.

साफसफाई

बार काढला त्याच दिवशी गजाला स्वच्छ फडके लावून काडतुसाच्या घराकडून तोंडाकडे नळी पुसावी व बंदुकीच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल वापरू नये; ते चिकट होऊन कळा अडकतात. पुन्हा वापरण्यापूर्वी नळीतील तेल पुसून घ्यावे. पावसाळ्यात दर आठवड्याला पाहणी करावी. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवल्यास ओल धरून गंज चढतो. कोरड्या कपाटात, नळीचे तोंड खाली करून ठेवल्यास तेल लाकडी दस्त्यात मुरत नाही. बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत.

कायद्याची बाजू

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी. गावच्या लोहाराकडे नेऊ नये. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला मारण्यापूर्वी वन खात्याची लेखी परवानगी घ्यावी लागते.

कारागिराला दाखविण्यात एक फेरी जाईल, थोडा खर्च होईल. पण हात शाबूत राहील. शेती त्या हातांवरच चालते.