शारदा सदनाची पहिली वर्षं

सांडोरच्या श्रोत्यांनो, वसई रोडहून लोकलनं चर्नी रोडला उतरलं की चौपाटी चार पावलांवर. तिथेच ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडलं. उच्चवर्णीय विधवा मुलींना राहायला जागा आणि शिक्षण, दोन्ही एकाच छपराखाली. पैसा अमेरिकेतून आला. बोस्टनमधल्या रमाबाई असोसिएशननं दहा वर्षांच्या खर्चाची हमी घेतली होती.

इथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. लग्न आठव्या वर्षी, आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढची कित्येक वर्षं सासरच्या घरकामात गेली. अशी बाई विशी ओलांडल्यावर पाटी घेऊन बसते, याला केवढं धैर्य लागलं असेल!

सदनात प्रत्येकीला आपला सोवळा स्वयंपाक, आपले देवधर्म पाळायची मोकळीक होती. १८९० मध्ये सदन पुण्याला गेलं. रमाबाई मात्र स्वतः ख्रिस्ती. त्यांच्या प्रार्थनेला काही मुली बसू लागल्या आणि गावात काहूर माजलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यात नुकसान मुलींचंच झालं, असं मला ठामपणे वाटतं.

त्याच वर्षी, ११ मार्चलाच, गोदूबाईंनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे. कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी पुढे त्यांनी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली.