त्या बोर्डावर माझीही सही आहे

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते बी विंगमधील रहिवासी असून नेत्रतज्ज्ञ आहेत. – संपादक मंडळ)



सेक्रेटरींनी मला विषय दिला ‘मुलांचे आरोग्य’ आणि वेळ दिला वीस मिनिटं. विषय समुद्राएवढा, म्हणून मी आपला माझ्या दुकानातलाच माल काढतो. डोळे. पण आधी एक कबुली द्यायची आहे.

गेटमधून आत आलं की डाव्या हाताला बोर्ड आहे, ‘आवारात चेंडूने खेळण्यास सक्त मनाई’. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या नव्या गाडीची काच फुटली, मी सर्वसाधारण सभेत तावातावाने बोललो आणि ठराव मंजूर झाला. त्या ठरावावर माझीही सही आहे. आज त्याच बोर्डाविरुद्ध बोलायला उभा आहे.

माझ्याकडे पूर्वी लांबचं दिसत नाही म्हणून पहिला चष्मा लावायला मुलं यायची ती बहुधा सातवी-आठवीतली. आता दुसरी-तिसरीतली येतात. ही माझ्या दवाखान्यातली गोष्ट सांगतोय, सरकारी आकडेवारी नव्हे. पण जगभरचे डोळ्यांचे डॉक्टर आज याच काळजीत आहेत.

मायनस नंबर म्हणजे काय, तर डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांब वाढतो. मग लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता पडद्याच्या अलीकडेच पडते. गोळा एकदा लांब झाला की परत आखूड होत नाही. लहान वयात नंबर लागला की वाढायला वर्षंही जास्त मिळतात, आणि नंबर सहाच्या पुढे गेला की पुढे मोठेपणी पडदा सरकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे ‘चष्मा काय, सगळ्यांनाच लागतो’ एवढ्यावर हे सोडून देता येत नाही.

मोबाईलला शिव्या द्यायला मी आलेलो नाही, त्या तुम्ही घरी देताच. सतत जवळचं बघणं, मग तो मोबाईल असो की पुस्तक, वाईटच. पण दुसरी बाजू आपण विसरतो, ती म्हणजे उजेड. या हॉलमध्ये आत्ता सगळ्या ट्यूब लागल्यात, तरी उजेड असेल तीन-चारशे लक्स. बाहेर दिवसा झाडाच्या सावलीत उभे राहा, काही हजार मिळतात. भर उन्हात लाखापर्यंत. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली लहान-मोठी होऊन जुळवून घेते. पण डोळ्याच्या पडद्याला तो कळतो. भरपूर उजेडात तिथे डोपामिन नावाचं रसायन जास्त सुटतं आणि ते गोळ्याच्या वाढीला लगाम घालतं, असं संशोधक मानतात.

चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांवर एक प्रयोग झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जादा बाहेर काढलं. तीन वर्षांनी पाहिलं, तर नेहमीच्या शाळांत शंभरातल्या सुमारे ४० मुलांना नवा नंबर लागला होता, बाहेर जाणाऱ्यांत सुमारे ३० जणांना. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. तैवानने तर २०१० पासूनच शाळांना रोज दोन तास बाहेरचे असं धोरण दिलं. औषध नाही, खर्च नाही. आणि जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, तीही त्यातच होऊन जाते.

एक गोष्ट नीट ऐका. रात्री फ्लडलाइटखाली बॉक्स क्रिकेट खेळलं तर घाम येतो, झोप लागते, चांगलंच आहे. डोळ्यांसाठी मात्र तो उजेड पुरत नाही. दिवस हवा. आणि नंबर आधीच लागला असेल तर बाहेर खेळून तो उतरेल, अशी आशा मी कुणाला लावणार नाही. हा उपाय मुख्यतः नंबर लागण्याआधीचा.

गाजराने चष्मा जात नाही, आजी रागावू नका. आणि मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला की नंबर थांबतो, हाही गैरसमजच. मूल टीव्हीजवळ सरकतं, डोळे बारीक करतं, फळ्यावरचं चुकीचं उतरवतं, तर आधी डोळे तपासा, मग रागवा. शाळेत घालण्याआधी एकदा आणि नंतर दरवर्षी.

आता मुद्द्याचं. आपल्या मुलांचे चष्मे त्या बोर्डामुळे लागले असं मी म्हणत नाही, तसं सिद्धही करता येणार नाही. क्लास आहेत, शाळेच्या बसचा तास-तास आहे. पण शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत जो काय दीड तास उरतो, त्यात मुलांनी जायचं कुठे? बाग रस्त्यापलीकडे, आणि तो रस्ता ओलांडायला मलाच भीती वाटते. आपल्या मागच्या अंगणात सात गाड्या लागतात. त्यातली एक माझी. संध्याकाळी पाच ते साडेसहा त्या पुढच्या बाजूला दाटीवाटीने लावता येतील, वॉचमनकाकांशी मी बोललोय. चार गाडीमालक तयार आहेत. उरलेले दोघे इथेच बसलेत, मी त्यांच्याकडे बघत नाहीये. येत्या सभेत बोर्ड बदलण्याचा ठराव मीच मांडणार आहे.

मुलांनो, चेंडू रबरीच. दुपारी आजी-आजोबांच्या झोपेच्या वेळेत आरडाओरडा नाही. आणि माझ्या गाडीला लागला तर बेल वाजवून सांगा, पळून जाऊ नका. मागच्या वेळी जे पळाले, त्यातला एक परवा स्वतःच्या लग्नाची पत्रिका द्यायला आला आणि म्हणाला, “काका, ती काच मीच फोडली होती.”