रस्त्याची नाली कोणी खाल्ली?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बैठक कापसाच्या भावाची आणि भाषण रस्त्याचे, हे ऐकून मागच्या रांगेतल्या काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडलेल्या दिसतात. आम्ही शिकलो शेतीशास्त्र. आम्ही बियाण्यावर बोलावे, बोंडअळीवर बोलावे, रस्ता हा इंजिनियरचा विषय. पण खेडा खरेदीला येणारा व्यापारी भाव सांगण्याच्या आधी काय विचारतो? "गाडी गावापर्यंत येते का?" येत नाही म्हटले की क्विंटलमागे भाव उतरलाच. उतरलेले पैसे ना व्यापाऱ्याच्या पावतीवर दिसत, ना कृषिमूल्य आयोगाच्या उत्पादनखर्चात. म्हणून रस्ता हा भावाचाच प्रश्न आहे.

दुसरी गोष्ट. रस्ता कोणी आपल्याला बक्षीस देत नाही. १९२७ साली बॅरिस्टर जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे वसूल होऊ लागले आणि त्यातून रस्ता निधी उभा राहिला. पुढे २००० साली केंद्रीय रस्ता निधीचा कायदा झाला. त्यात डिझेलवरच्या उपकराचा अर्धा भाग ग्रामीण रस्त्यांना ठरवून दिला होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली, ती या पैशांच्या जोरावर. म्हणजे वावरात नांगरणी करणारा ट्रॅक्टर, ज्याचे चाक दिवसभर डांबराला लागत नाही, तोही रस्त्याचा उपकर भरत आला आहे. भूमिपूजनाला नारळ कोणीही फोडो, नारळाचे पैसे आपले.

आता आमच्या भागातल्या एका गावची हकीकत. गावाचे नाव घेत नाही, कारण हे वाचून प्रत्येकाला आपलेच गाव वाटेल. गाव ते हमरस्ता साडेतीन किलोमीटर. मार्चमध्ये डांबरीकरण झाले. जुलैच्या दुसऱ्या झडीत कडा खचल्या, ऑगस्टमध्ये मधोमध खड्डे. एका बाळंतिणीला बंडीत घालून चिखलातून हमरस्त्यापर्यंत न्यावे लागले. मायलेक वाचले, पण गाव पेटले. आम्ही शंभर-सव्वाशे माणसे घेऊन जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागावर गेलो. घोषणा एकच, ठेकेदार चोर आहे. तिथल्या अभियंत्याने शांतपणे फाइल पुढे केली आणि म्हणाला, वाचा.

फाइल वाचायला आम्हाला दोन दिवस लागले. ठेकेदार साव नव्हताच. पण रस्ता मेला होता तो ठेकेदार येण्याच्या कितीतरी आधी, अंदाजपत्रकातच. पहिल्या अंदाजपत्रकात दोन्ही बाजूंना नाली होती, तीन ठिकाणी मोऱ्या होत्या, मुरुमाचा भराव होता. सुधारित अंदाजपत्रकात नाली गेली, दोन मोऱ्या गेल्या, भराव निम्मा झाला. डांबर तेवढे पूर्ण राहिले, कारण उद्घाटनाच्या फोटोत डांबर दिसते, नाली दिसत नाही.

इथे मात्र आमचे शेतीशास्त्र कामी आले. आपली जमीन काळी, भारी. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात पडलेल्या भेगेत हात कोपरापर्यंत जातो हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. या गुणामुळेच ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि पाण्याची पाळी न देता रब्बीची ज्वारी पिकते. जो गुण ज्वारीला तारतो तोच रस्त्याला मारतो. रस्त्याखालची काळी माती भिजली की तिच्यात ओझे पेलण्याची ताकद राहत नाही, लोण्यासारखी दबते. वरून कापसाची भरलेली गाडी गेली की खडी खाली जाते आणि चिखल वर येतो. म्हणून काळ्या मातीतल्या रस्त्याचा जीव डांबरात नसतो. पाणी रस्त्याखाली शिरू न देण्यात असतो. मुरुमाचा भराव हवा, रस्ता शेताच्या पातळीच्या वर हवा, साइडपट्टी बाहेर उतरती हवी, दोन्हीकडे नाली हवी, आणि जिथे पाणी रस्ता ओलांडते तिथे मोरी हवी. पावणेचार मीटर रुंदीचा डांबरी रस्ता मधोमध कडेपेक्षा साडेपाच-सहा सेंटीमीटर उंच असावा लागतो, म्हणजे पाणी थांबत नाही. धुऱ्यावरून पाणी कसे काढावे हे ज्याला कळते त्या शेतकऱ्याला एवढे कळायला डिग्री लागत नाही.

मग नाली का गाळली? पैसे पुरेनात म्हणून. पैसे का पुरेनात? याचे उत्तर जिल्हा परिषदेच्या सभेत आहे. जिल्हा नियोजन समितीकडून ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांखाली पैसा येतो, पहिला दुरुस्तीचा आणि दुसरा बांधणीचा. हे दोन आकडे पाठ करून ठेवा. पैसा आला की कोणता रस्ता जास्त खराब, कोणत्या रस्त्यावर जास्त गावे, याचा हिशेब व्हावा. प्रत्यक्षात होते काय? प्रत्येक सदस्याला सारखा वाटा. लग्नातल्या बुंदीसारखा. कोणाच्या गटात अर्धा किलोमीटर, कोणाच्या गटात सातशे मीटर. चार किलोमीटरचा रस्ता असा तुकड्या-तुकड्याने सात-आठ वर्षांत पूर्ण होतो, आणि शेवटचा तुकडा होईपर्यंत पहिला उखडलेला असतो. तुकडा लहान असला की आणखी एक सोय होते. खुल्या निविदेच्या मर्यादेखाली तो बसतो आणि काम वाटपातून हवे तिथे जाते. मजूर संस्था आणि बेरोजगार अभियंते यांच्यासाठी राखलेला वाटा हा चांगल्या हेतूने ठेवला आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण नाव संस्थेचे आणि यंत्रे तिसऱ्याचीच, हे किती ठिकाणी चालते ते आपापल्या तालुक्यात बघा.

आमचे काही मित्र म्हणतात, सदस्यच नकोत, अधिकारी बरे. तोही प्रयोग पाहून झाला. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे निवडणुका झाल्या नाहीत. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. प्रस्ताव तयार करणारे आणि त्याला मंजुरी देणारे एकाच छताखाली आले. सभा नाही, प्रश्न विचारणारा विरोधक नाही, बातमीदाराला बसायला बाक नाही. बुंदी वाटणारे सदस्य निदान गावात आले की त्यांची वाट अडवता येते.

निविदेबद्दल थोडेच सांगतो. एके काळी निविदेचा फॉर्म घ्यायला जाणाऱ्याला कार्यालयाच्या दारातच अडवत. ई-निविदेने ते थांबले, हे मान्य केले पाहिजे. पण एकाच घरातून तीन निविदा भरल्या तर संगणकाला नातेसंबंध कळत नाहीत. डांबर प्लांट अमुक किलोमीटरच्या आत हवा, अशी अट असते. तिच्यात तथ्य आहे, गरम माल दुरून आणला तर वाटेत थंड होतो. पण त्या अंतरात प्लांट एकाचाच असेल तर ती स्पर्धा कसली? आणि फार खालच्या दराने निविदा आली म्हणून टाळ्या वाजवू नका. शंभराचे काम पंच्याहत्तरला घेणारा एक तर सांगतो की अंदाजपत्रक फुगवलेले होते, नाही तर पंचवीस रुपये तो रस्त्यातून काढणार आहे.

ते कसे काढतात? डांबराचा थर, ज्याला कारपेट म्हणतात, अशा रस्त्यांवर बहुधा वीस मिलिमीटरचा धरलेला असतो. एक किलोमीटर लांब, पावणेचार मीटर रुंद, वीस मिलिमीटर जाड, म्हणजे पंच्याहत्तर घनमीटर माल. तो पंधरा मिलिमीटर टाकला तर पावणेएकोणीस घनमीटर वाचला, म्हणजे साडेसहा ब्रास. चौथा हिस्सा. पाच मिलिमीटर म्हणजे किती? ज्वारीचा एक टपोरा दाणा. किलोमीटरभर एका दाण्याची चोरी चालून जाणाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही. ती दिसते मोजमाप पुस्तिकेत आणि पहारीने घेतलेल्या खड्ड्यात, आणि दोन्ही एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय नाहीच. पुस्तिकेत शाखा अभियंत्याने माप लिहायचे, उपअभियंत्याने त्यातले काही स्वतः तपासायचे आणि मगच देयक निघायचे, अशी पद्धत आहे. गावातला एकही माणूस मापाच्या वेळी तिथे उभा नसतो. कापूस मोजताना काट्यावरून नजर न हलवणारे आपण, रस्ता मोजताना घरी असतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहितीचा अधिकार म्हणजे नुसते कागद नव्हेत. कामाची पाहणी करणे आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्यात स्पष्ट लिहिले आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. अंदाजपत्रक मागा, सुधारित असेल तर दोन्ही मागा, मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा, आणि त्याच अर्जात लिहा की अमुक साखळी क्रमांकावर आमच्यासमोर खड्डा घेऊन थर मोजून द्यावा. राजस्थानात १९९४ साली मजूर-किसानांनी गावाच्या कामांचे कागद जनसुनावणीत मोठ्याने वाचून दाखवले, तेव्हा हा कायदा जन्मलाही नव्हता. ग्राम सडक योजनेतला रस्ता असेल तर पुढची पाच वर्षे देखभाल ठेकेदाराच्याच करारात असते, हेही ध्यानात ठेवा. तिथे खड्डा पडला तर निवेदन कशाला, करारावर बोट ठेवा.

आता एक कडू गोष्ट. त्या गावात आम्ही नालीसाठी भांडलो. दुसऱ्या वर्षी नाली मंजूर झाली. आखणीला माणसे आली तेव्हा अडवले कोणी? आपल्याच लोकांनी. रस्त्याच्या कडेची जागा वखरून वखरून वावरात ओढलेली, पऱ्हाटी साइडपट्टीपर्यंत आलेली. दोघांनी तर जुनी नाली बुजवून बंडी आत न्यायला वाट केली होती. त्यांच्यातला एक आमचा जुना कार्यकर्ता, आंदोलनात तुरुंगात गेलेला. तो म्हणाला, "भाऊ, सरकारला फुकट जमीन का देऊ?" त्याचा प्रश्न खोटा नाही. ग्राम सडक योजनेत जमिनीच्या मोबदल्याला पैसाच नाही, जमीन गावाने द्यावी असे गृहीत धरलेले असते. सिमेंटला पैसा आहे, डांबराला आहे, शेतकऱ्याच्या जमिनीला नाही, हे आम्हाला मान्य नाही आणि मान्य होणार नाही. जिथे रस्त्यासाठी मालकीची जमीन लागते तिथे मोबदला मागूच. पण गाव नकाशात जो रस्ता किंवा पांदण आधीच आहे, त्याची जागा ओढून घेणे ही मालकी नव्हे. त्या कार्यकर्त्याशी आम्ही तीन रात्री बोललो. मोजणी झाली, त्याच्याकडे चार फूट निघाली. त्याने सोडली, पण आमच्याशी अजून मोकळेपणाने बोलत नाही. दुसऱ्याने सोडली नाही. तिथे नाली आजही तुटलेली आहे आणि रस्ता तिथेच दरवर्षी खचतो.

तेव्हा या हंगामात एवढे करायचे. प्रत्येक तालुक्याने एक रस्ता निवडायचा, खचलेला. त्याची अंदाजपत्रके आणि मोजमाप पुस्तिका कापूस घरात येण्याच्या आधी मिळवायची, कारण वेचणी सुरू झाली की कोणालाच वेळ नाही. जिल्हा परिषदेच्या सभेची कार्यक्रमपत्रिका आधी मागून घ्यायची आणि त्यात आपला रस्ता किती तुकड्यांत आहे ते पाहायचे. गाव नकाशाची प्रत तलाठ्याकडून नव्हे, भूमी अभिलेख कार्यालयातून काढायची. पन्नास मीटरच्या दोन टेप आमच्याकडे आहेत, ज्यांना लागतील त्यांनी बैठक संपल्यावर नाव लिहून न्याव्यात. पहारी ज्याच्या त्याने आणायच्या.