मामांचा दहा इंची लॅपटॉप आणि एक पेनड्राइव्ह

घरातल्या जुन्या छोट्या लॅपटॉपचं काय करायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. तर आज पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवण्याबद्दल बोलू. पण मी हे सांगणार आहे ते एका दिवाळीच्या गोष्टीतून, कारण त्या चार दिवसांत मी जे करू नये तेही करून बसलो.

माझे मामा राधानगरी तालुक्यातल्या एका गावात दूध संस्थेचे सचिव आहेत. दिवाळीला सभासदांना फरक वाटतात. म्हणजे वर्षभर ज्यानं जेवढं दूध घातलं, त्या हिशेबानं वरची रक्कम. कोल्हापूरकडच्या मंडळींना हे सांगायला नको, तिकडं अर्ध्या गावाची दिवाळी त्या फरकावर होते. रोजची नोंद वहीत असते, पण बेरजा सगळ्या एक्सेलमध्ये. आणि ते एक्सेल एका दहा इंची नेटबुकमध्ये. वाटपाला सहा दिवस उरले असताना ते नेटबुक विंडोजच्या लोगोवर येऊन अडकलं. दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही.

मी पोहोचलो तेव्हा मामा वह्या काढून कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते. तीनशे पासष्ट दिवस, सकाळ-संध्याकाळ.

आता मुद्द्याची गोष्ट. विंडोज चालू होत नाही याचा अर्थ हार्डडिस्कवरच्या फायली गेल्या असा नाही. दाराचं कुलूप बिघडलंय, घरातलं सामान जागेवरच आहे. पेनड्राइव्हवरचं लिनक्स म्हणजे दुसऱ्या दारानं आत जाणं. ती अख्खी सिस्टीम पेनड्राइव्हवर दाबून बसवलेली असते, तिथून ती वाचली जाते आणि जे काही बदल होतात ते रॅममध्ये राहतात. बंद केलं की विसरली. तुम्ही स्वतः हात लावत नाही तोवर हार्डडिस्कला ती धक्का लावत नाही. फक्त डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’ नावाचं चिन्ह असतं, तिकडं फिरकायचं नाही.

माझ्याकडे लॅपटॉप नव्हता, फक्त फोन. इथं बरेच जण थांबतात, की बूटेबल पेनड्राइव्ह बनवायला दुसरा कॉम्प्युटर लागतो. लागत नाही. ओटीजी केबल आणि एचड्रॉइड नावाचं अँड्रॉइड ॲप, फोन रूट करायची गरज नाही. आयएसओ फाइल फोनवर उतरवायची, ॲपमध्ये निवडायची, पेनड्राइव्ह निवडायचा, झालं. लिनक्सच्या आयएसओला चालतं, विंडोजच्या नाही.

पेनड्राइव्ह मामांनी कपाटाच्या खणातून काढून दिला. म्हणाले, “रिकामाच हाय त्यो.” सोळा जीबीचा. हे लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

पहिला गाढवपणा माझा. सवयीनं लिनक्स मिंट उतरवलं, जवळपास ३ जीबी, म्हणजे माझा दोन दिवसांचा डेटा. पेनड्राइव्ह लावला, बूट मेन्यू आणायला एफ१२ दाबत बसलो, काही येईना. त्या मशीनवर एफ१२ मुळात बंदच ठेवलेलं होतं. एफ२ दाबून बायोसमध्ये गेलो, यूएसबीला यादीत वर नेलं. तेव्हा कुठं स्क्रीनवर दोन ओळी आल्या: कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवाय, इथं आय६८६ आहे. संपलं.

आत होता इंटेल ॲटम एन२७०, २००८ सालचा, ३२ बिटचा. त्या काळातल्या असंख्य नेटबुकमध्ये हाच असायचा. तुमच्याकडे तसलं मशीन असेल तर आधी प्रोसेसरचं नाव शोधा, मग डाउनलोडचं बटण दाबा. उबंटूनं ३२ बिटची डेस्कटॉप आवृत्ती २०१७ मध्येच थांबवली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. तरी डेबियन १२ वर उभं असलेलं अँटीएक्स २३ मिळतं, पपी लिनक्सच्या काही आवृत्त्या मिळतात. मी अँटीएक्स घेतलं. शेजारच्यांच्या वाय-फायवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालू झालं. एक जीबी रॅमवर! दिसायला साधं, चकचकीत काही नाही, पण माउस हलतोय, फोल्डर उघडतायत. विंडोजचं पार्टिशन उघडताना मी मुद्दाम फक्त वाचण्यापुरतं उघडलं, म्हणजे चुकूनही काही लिहिलं जायला नको. डॉक्युमेंट्समध्ये गेलो, ‘दूध’ नावाचं फोल्डर, आत बारा महिन्यांच्या बारा फायली. मामांनी चष्मा पुसला आणि परत लावला. बोलले काहीच नाहीत.

बाहेर कशा काढायच्या? लॅपटॉपचं वाय-फाय लिनक्सनं ओळखलं नाही. अशा वेळी फोन केबलनं जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तुमचा फोन वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो, बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ब्राउझर उघडायला वेळ लागला, चहा होऊन गेला मधे, पण बारा फायली माझ्या मेलवर गेल्या. संध्याकाळी मामा माझ्या फोनवर बेरजा बघून वहीशी ताडून बघत होते. फरक वेळेवर वाटला.

जरा नवीन छोटे लॅपटॉप असतील तर कहाणी थोडी वेगळी. दोन जीबी रॅम, ३२ जीबी साठवण, ॲटम झेड३७३५एफ वगैरे. त्यातल्या बऱ्याच मशीनमध्ये प्रोसेसर ६४ बिटचा पण यूईएफआय ३२ बिटचं, त्यामुळे पेनड्राइव्ह बरोबर असूनही दिसतच नाही. दोन्ही प्रकारच्या यूईएफआयवर चालणारी आयएसओ घ्या. आणि बिटलॉकर चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावायच्या आधी रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर विंडोज तुम्हालाच दारात अडवेल.

आता पेनड्राइव्ह.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मामी खण धुंडाळत होत्या. “अरे, हितला माझा पेनड्राइव्ह कुणी घेतला?” त्यात त्यांच्या भजनी मंडळाच्या काकड्याचं रेकॉर्डिंग होतं, बऱ्याच वर्षांचं. मामांनी तो कधी उघडून बघितलाच नव्हता. मीही नाही. एचड्रॉइड लिहिण्याआधी विचारतं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? मी दोन्ही वेळा ‘हो’ म्हणालो होतो.

तो पेनड्राइव्ह मी तिथंच काढून ठेवला आणि पुण्याला घेऊन आलो. आयएसओनं पुढचे ३ जीबी व्यापले होते, मागच्या भागावर काहीच लिहिलं गेलं नव्हतं. फोटोरेक नावाचं एक प्रोग्रॅम आहे, ते फायलींची यादी बघतच नाही, ड्राइव्हवरचा कच्चा डेटा चाळून एमपी३, जेपीजी असे प्रकार ओळखून काढतं. रात्रभर चाललं. चौतीस फायली मिळाल्या, नावं नसलेल्या. फोनवर मामींना एकेक ऐकवली आणि त्या सांगत गेल्या, ही मागच्या सालची, ही देवळातली, हिच्यात पखवाज चुकलाय बघ.

मग त्यांनी विचारलं, “अक्कांची सापडली का रं?”

अक्का म्हणजे मंडळातल्या सगळ्यात थोरल्या, तीन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांचं गाणं सगळ्यात आधी भरलेलं. पेनड्राइव्ह साधारण पुढून भरत जातो, त्यामुळे सगळ्यात जुन्या फायली बहुतेक सुरुवातीलाच असतात. म्हणजे बरोबर त्या तीन जीबीत.

मी म्हणालो, “नाही मामी.” त्या म्हणाल्या, “बरं. मंडळात आणखी कुणाच्या फोनवर हाय का बघते.” अजून बघतायत.